पाटी रोवायचं काम

जानेवारीत जमीन मला आत घेत नाही.
पहार आपटली की कोपरापर्यंत झिणझिण्या
आणि समोरच्या खिडकीतला पडदा हलतो.
मिलवॉकीच्या पश्चिमेला, आमच्या उपनगरात,
या दिवसांत घर विकायला काढतो तो,
ज्याला दुसरा इलाज नाही:
घटस्फोट, बदली,
किंवा अँब्युलन्समधून गेलेली, परत न आलेली आई.
मी विचारत नाही.
खांब रोवायचे बावीस डॉलर, उपटायचे नऊ.
खड्डा बुजवायचे वेगळे मिळत नाहीत.

लेंट लागला की शुक्रवारी स्टेफान्स्कीकडे रांग,
दारातून बाहेर, पार्किंगमधल्या काळ्या बर्फापर्यंत.
तळलेला पर्च, बटाट्याची धिरडी, राईचा पाव,
कागदी वाटीत कोबी.
भाव रांगेतच कळतात:
होली स्ट्रीटचं दोन बेडरूमचं कितीला गेलं,
कुणी घर न बघताच वर बोली लावली,
कुणी तळघरातल्या बुरशीवर रंग मारला.
व्हर्ना सदतीस वर्षं इथे ताटं उचलते.
म्हणते, "घरं भाव खातायत, लायल,
तू मासे खा."

एप्रिलात माती मऊ.
सकाळी सहा पाट्या, दुपारी आठ.
बर्फाखालून काय काय निघतं,
एकटा हातमोजा, नाताळच्या दिव्यांची माळ,
आणि कधी प्लास्टिकचा संत जोसेफ,
डोकं खाली, पाय वर,
घर विकून दे, मग सरळ करते, या बोलीवर पुरलेला.
मी माती पुन्हा लोटतो.
आपल्याआधी कामाला लागलेल्याला उठवू नये.

मार्लीन पावलाक एजंट आहे.
रविवारी रिकाम्या घरांत बिस्किटं भाजते,
खायला नाही, वासाला.
लोक बूट काढून आत येतात, कपाटं उघडतात.
एखादी बाई ओव्हनपाशी उगाच रेंगाळते,
नवऱ्याला म्हणते, या घरात काहीतरी आहे.
व्हॅनिला आहे, मी मनात म्हणतो.
संध्याकाळी ती बिस्किटं माझ्या ट्रकमध्ये.
जूनभर माझी न्याहारी तीच,
लोकांच्या नव्या घरांची.

जुलैत कस्टर्डच्या खिडकीसमोर
घर विकलेला आणि घर घेतलेला एकाच बाकावर,
दोघांनाही वितळायच्या आत संपवायची घाई.
मग शाळा उघडतात.
फोन गप्प.
पाटीखाली छोटी पाटी: किंमत उतरवली.
तिला खांब लागत नाही, दोन कड्या पुरतात.

ऑक्टोबरात मार्लीनने पत्ता पाठवला.
मला ओळखू आला नाही.
स्टेफान्स्कीकडे मी कधी पत्ता बघून गेलोच नव्हतो.
गवताच्या पट्ट्यात खांब उभा केला,
लेव्हल लावून पाहिली, बुडबुडा मधोमध.
व्हर्ना काचेआड, हातात कॉफीचं भांडं.
आत बोलावलं, वाढलं,
पैसे घेतले नाहीत.
घ्यायला हवे होते.

पाटी हिवाळाभर तिथेच.
मार्चमध्ये शेबॉयगनहून वांग कुटुंब आलं.
पा न्हिया वांग किल्ली हातात धरून
उगीचच दार उघडत होती, लावत होती.
शुक्रवार तसाच ठेवायचा, असं ठरलंय म्हणे,
कागदावर नाही, तोंडी.
पर्च तोच. शेजारी बाटलीत हिरवी तिखट चटणी,
आईच्या हातची, जपून घ्या म्हणाली.
मी जपून घेतली नाही.

डोळ्यांतलं पाणी पुसत खांब उपटला. नऊ डॉलर.
खड्ड्याची कड ढासळली
आणि वीतभर अंतरावर, मातीत, तो दिसला.
जोसेफ.
पण उलटा नाही. सरळ.
डोकं वर, चेहरा हॉटेलच्या दाराकडे.

ज्याने पुरला त्याला रीत ठाऊक नव्हती,
किंवा चांगली ठाऊक होती.
काचेआड व्हर्ना एक टेबल पुसत होती,
आधीच पुसलेलं.
मी गुडघ्यांवर बसलो,
आणि हाताने माती ओढत राहिलो
खड्डा भरेपर्यंत.